कारण : ऊन

बुधवारी सकाळी साडेनऊच्या आत रंधायंत्र चौथ्यांदा थांबलं, तेव्हा लाकूडगिरणीतल्या यंत्रांची देखभाल करणारी नायरी पोताए पॅनेलसमोरच उभी होती. लाल दिवा लागला, पंख्याचा आवाज उतरत गेला आणि छताखालच्या पत्र्याच्या जाड नळात पाणी फवारल्याचा आवाज आला. तिने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून सव्वीस मिनिटं. खिशातली वही काढून तिने वेळ लिहिली. शेजारचा ‘कारण’ हा रकाना मात्र कोरा ठेवला.

"ऊन आलं वाटतं गं!" रंध्याच्या काचेआडून पिरिपी ओरडला. साठीचा माणूस, त्यातली तीस वर्षं याच यंत्रावर गेलेली. बाहेर खरोखरच फेब्रुवारीचं, इथल्या भर उन्हाळ्याचं ऊन रणरणत होतं. "सूर्याला सांग, आमचा माल भरून होईपर्यंत तिकडे ऑस्ट्रेलियात थांब म्हणावं!"

फळ्या रचणारे हसले. नायरी हसली नाही.

गिरणीत सगळे त्या उपकरणांना ‘डोळे’ म्हणत. अंगठ्याएवढ्या काळ्या काचा, नळाच्या दोन्ही बाजूंनी आत रोखलेल्या. भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या फळ्या रंध्याखालून जात आणि त्यांचा सुका भुसा नळातून सेकंदाला वीस मीटर वेगाने ओढला जाई. त्या अंधारात एक जरी ठिणगी चमकली, तरी डोळे सहा-सात मीटर पुढच्या फवाऱ्याला हुकूम सोडत. ठिणगीला तिथवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात पाणी पुढे उभं असायला हवं. मिनिटाभरात पाच ठिणग्या दिसल्या, तर पंखा आणि रंधा दोन्ही आपोआप बंद पडत.

नळाच्या शेवटी फिल्टरघर होतं. तीन मजली उंचीची पत्र्याची पेटी, आत दोनशे चाळीस कापडी पिशव्या टांगलेल्या आणि त्यांच्यावर पिठासारखी बारीक धूळ. भुशाचा ढीग पेटला तर जळतो. ती धूळ हवेत तरंगत असताना पेटली तर जळत बसत नाही, फुटते. फिल्टरघराच्या पोटाखाली, जिथे धूळ गळून खाली येई, तिथे टोंगा बेटांवरचा तरुण लोपेती दिवसभर झाडलोट करायचा.

अडचण एवढीच होती की डोळ्यांना ठिणगी आणि ऊन यांतला फरक कळत नसे. अंधारात उजेड दिसला की झालं. गेल्या वर्षी जानेवारीत असंच रोज दुपारी अडीचच्या सुमाराला यंत्र थांबायचं. तीन आठवडे सगळ्यांनी डोकं फोडलं. शेवटी नायरीने नळावर चढून गंजलेली एक फट शोधून काढली. छतातल्या पारदर्शक पत्र्यातून येणारं ऊन बरोबर अडीचला त्या फटीवर पडायचं. तिने फट बुजवली, वहीत ‘कारण : ऊन’ असं लिहिलं आणि सकाळच्या बैठकीत सगळ्यांना ते नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून गिरणीत ठिणगीचा इशारा आला की माणसं वर न बघताच म्हणत, ऊन.

या सोमवारी तिनेसुद्धा तेच केलं होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी यंत्र थांबलं, ती दुसऱ्या कामात होती. येता येता नळाच्या जोडावर काळी पट्टी चिकटवली, वहीत ‘ऊन’ लिहिलं आणि यंत्र चालू करून दिलं. मंगळवारी पट्टी जागच्या जागी होती आणि इशारे अकरा आले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लोपेती तिच्यासमोर बसून घरून आणलेला तारोकंद खात होता. त्याच्या कानांच्या पाळ्यांवर अजून पिवळी धूळ होती. सोमवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तू कुठे होतास, असं तिने सहज विचारलं.

"कुठे म्हणजे? खालीच की, आँटी. झाडत होतो. का?"

"काही नाही," ती म्हणाली. पण तिचा घास तोंडातच राहिला होता.

कॅलम डनेट कार्यालयातून भराभरा आला. उत्पादनाचा प्रमुख, चौतिशीचा, पायऱ्या दोन-दोन चढणारा. माणूस वाईट नव्हता. गेले चार दिवस त्याचा फोन कानापासून दूर झाला नव्हता, एवढंच.

"पुन्हा ऊन?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? गेल्या वर्षी तूच तर आम्हाला शिकवलंस."

"गेल्या वर्षी ऊनच होतं."

"आणि यंदा सूर्य बदलला?"

मागून पिरिपी खो खो हसला. कॅलमने आवाज खाली आणला. "नायरी, शुक्रवारी दुपारी ट्रक यायचाय. एकशे बारा थप्प्या. पूर्व किनाऱ्यावर वादळात आणि पुरात ज्यांची घरं गेली, त्यांच्या घरांचे सांगाडे आहेत हे. माणसं सात महिने शाळेच्या हॉलमध्ये राहतायत. दर अर्ध्या तासाला यंत्र थांबलं तर माझ्याने होणार नाही. दोन दिवस किल्ली ‘चाचणी’वर फिरव. डोळे मोजत राहतील. फक्त पाणी नको, थांबणं नको."

"सही कोण करणार?"

"नियमाप्रमाणे तू."

"मी करणार नाही. मला तीन वाजेपर्यंत वेळ दे. ऊन आहे की नाही, ते मी दाखवते."

कॅलमने घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. "दुपारच्या स्मोकोपर्यंत. चहा संपला की वेळ संपला."

ऊन नाही हे दाखवायचं, तर नळाला ऊन दिसताच कामा नये. पिरिपीच्या गाडीत मुरघासाचं काळं प्लॅस्टिक पडून होतं, भावाच्या शेतावर न्यायचं. त्याने कुरकुर करत ते काढून दिलं. उचलत्या मचाणावर नायरी आणि लोपेती चढले आणि रंध्यापासून फवाऱ्यापर्यंतचा सगळा नळ त्यांनी त्यात दोन पदरी गुंडाळून टाकला.

"आँटी, लग्नाला निघालेल्या माझ्या मामासारखा दिसतोय हा," लोपेती म्हणाला. टोंगाची माणसं समारंभाला कमरेभोवती चटई गुंडाळतात. "मामाचं पोट पण असंच आहे. आता याला चर्चला न्यायचं तेवढं बाकी आहे."

"तू हात चालव."

"चालवतोय ना. तोंड वेगळं, हात वेगळे."

अकरा चाळीसला रंधा पुन्हा सुरू झाला. नायरी पॅनेलसमोर उभी राहिली. नळावर टॉर्च मारून पाहिला, डोळ्यांनी दाद दिली नाही. आता आत अंधार होता आणि त्याबद्दल कुणाला काही म्हणता येणार नव्हतं.

बारा वाजायला तीन मिनिटं असताना पाणी फवारलं. दहा सेकंदांनी पुन्हा एकदा.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी तिला फिल्टरघराखाली झाडणारा लोपेती आठवला. सोमवारचा तो इशाराही ठिणगीचाच होता तर.

"मग डोळा बिघडलाय," कॅलम म्हणाला.

"दोन डोळे आहेत, समोरासमोर. दोघांनी एकाच क्षणी एकच गोष्ट पाहिली. ही बघ नोंद. बिघडलेले दोन डोळे एकमेकांना विचारून बिघडत नाहीत."

कॅलमचा फोन वाजला. तो बोलत बोलत दूर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात दुसरी किल्ली होती, कार्यालयाच्या कपाटातली.

"मी फिरवतो. सही माझी. दोन दिवसांचा प्रश्न आहे, नायरी. लोपेतीला मी दोन दिवस दुसऱ्या शेडमध्ये पाठवतो."

"आणि पिरिपीला? त्याच्यामागे फळ्या रचणाऱ्या आठ जणांना? फिल्टरघर फुटलं तर आग नळातून उलटी इथेच येते. त्यांना कुठे पाठवतोस?"

"तीस वर्षांत काही झालं नाही."

"तीस वर्षांत पाणी बंद नव्हतं."

ती आवाज न चढवता बोलली होती. मग ती वळली, रंध्याच्या मुख्य खटक्यापाशी गेली, खटका खाली ओढला आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेलं आपलं लाल कुलूप त्यात घालून दाबलं. कुलपावर तिचं नाव कोरलेलं होतं.

फळ्या रचणाऱ्यांनी हातातल्या फळ्या खाली ठेवल्या. त्या कुलपाचा अर्थ तिथे प्रत्येकाला ठाऊक होता. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मालक आला तरी त्याने हात लावायचा नाही. कुलूपवाला गिरणीत हजर असेपर्यंत कापायचंही नाही. हा नियम कागदावर नंतर आला. त्याआधी एका गिरणीत दुसऱ्याने खटका वर केला म्हणून एक माणूस गेला होता, त्याचं नाव जुने लोक अजून घेत.

"हे काय चाललंय?" कॅलम म्हणाला.

"काम. मला नळ उघडायचाय. नळात हात घालायचा तर यंत्राला कुलूप, हे बैठकीत तूच दर सोमवारी वाचून दाखवतोस."

"मला ऑकलंडच्या मुख्य कार्यालयात फोन करावा लागेल."

"कर. मी इथेच आहे."

तो गेला. पिरिपी काचेआडून बाहेर आला, हात पुसत.

"पोरी, या वयात नोकरी शोधायला निघालीस की काय?" त्रेपन्न वर्षांच्या नायरीला तो अजूनही पोरीच म्हणे. "नळात शोधणार काय आहेस?"

"ठिणगी आपोआप होत नाही. काहीतरी तापतंय, नाहीतर काहीतरी कशावर तरी आपटतंय. बेअरिंगची उष्णता मी काल मोजली, सगळी गार आहेत. म्हणजे आपटतंय. तुझी पाती कशी आहेत?"

"नवी आहेत. या आठवड्यात दोनदा बदलली."

"दोनदा? एरवी तीन आठवडे जातात ना?"

"या मालाच्या गाठी कडक आहेत. फळीवर बारीक रेघ उमटते, मग बदलतो."

"मला बोलला नाहीस."

"तू कधी पात्यांचं विचारतेस? तू दिवे बघतेस, मी लाकूड बघतो. तीस वर्षं असंच चाललंय की."

टोमणा बरोबर जागी बसला. तिने तो गिळला. "काढलेली पाती दाखव."

पात्याच्या धारेवर अर्धचंद्रासारखा टवका गेला होता. दुसऱ्यावरही एक, जरा लहान. नायरीने त्यावरून नख फिरवलं. "पिरिपी, पाइनच्या गाठीने पोलादाचा टवका निघतो का?"

पिरिपीने पातं उजेडात धरलं. मग त्याने आपलं कुलूप काढलं आणि तिच्या कुलपाशेजारी खटक्यात अडकवलं. हात घालणाऱ्या प्रत्येकाचं कुलूप हवं, नियमच तसा. लोपेतीचं तिसरं कुलूप लागलं, त्यावर टोंगाच्या झेंड्याचं चिकटचित्र होतं.

फवाऱ्यानंतर नळाला वळण होतं. ओला भुसा तिथेच साचायचा आणि जड असेल ते त्यात रुतायचं. झाकण उघडल्यावर आंबूस वासाचा पिवळा लगदा बाहेर लोंबला. लोपेतीने तो बादलीत ओढला. नायरीने जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक रबरी हातमोज्यात घातलं आणि लगद्यात फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठलाही भाग न सोडता.

पहिल्या बादलीत काही नव्हतं.

दुसऱ्या बादलीतही काही नव्हतं. पिरिपी खोकला. कॅलम परत आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. "अडीचला ऑकलंडहून फोन येईल. तुझ्या नावाने."

"बरं," नायरी म्हणाली. सव्वादोन झाले होते. "लोपेती, आणखी काढ. अगदी तळातलं."

"तळात हात पोचत नाही, आँटी."

"खांद्यापर्यंत घाल."

त्याने खांद्यापर्यंत हात घातला, गाल पत्र्याला टेकवला आणि डोळे मिटून चाचपत राहिला. तिसरी बादली अर्धीच भरली. नायरीने मोजा बुडवला. बोटांना काहीतरी टचकन येऊन बसल्यासारखं वाटलं. तिने हात बाहेर काढला, लगदा झटकला. मोज्याला पोलादाचे तीन तुकडे चिकटले होते. दोन तांदळाएवढे. तिसरा बोटाच्या पेराएवढा, वाकडा, एका अंगाने नव्यासारखा चकाकणारा.

तिने तो पिरिपीच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला.

"हा खिळा नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कुंपणाची यू-खिळी आहे. अर्धी."

"कुठून आली?"

पिरिपी टाकाऊ फळ्यांच्या ढिगाकडे गेला. रेघ उमटलेल्या सहा फळ्या त्याने बाजूला काढल्या आणि त्यांची टोकं वळवून दाखवली. सहाही टोकांना मालाच्या खुणेचा जांभळा रंग फासलेला होता. चौथ्या फळीवर, कडेपासून चार बोटांवर, निळसर काळा डाग होता. लाकडात लोखंड मुरलं की पडतो तसा.

"जांभळा माल आपल्या करवतीवरचा नाही," नायरी म्हणाली. "बाहेरून कापून आलेला आहे. म्हणून आपल्या ओंडक्यांच्या लोहशोधकाखालून गेलाच नाही. कॅलम, हा कुठला?"

कॅलमच्या हाताची घडी सुटली होती. "वादळानंतर ओंडके मिळेनात, म्हणून मीच ठरवला. मॅक्लिंटकच्या शेतावरची ती पाइनची लांब रांग. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली. एका फिरत्या करवतवाल्याने जागेवरच कापून दिली." तो थांबला. "लाकूड फार चांगलं होतं."

"मॅक्लिंटकची रांग?" पिरिपी खाली एका थप्पीवर बसला. "विशीत दोन उन्हाळे मी तिथे कुंपण घातलंय. म्हाताऱ्याला खांब विकत घ्यायचं जिवावर यायचं. म्हणाला, झाडं रांगेत उभी आहेतच, तेच खांब. एकेका झाडाला सात तारा, सात खिळ्या. मी ठोकल्या. झाडं वाढली, खिळ्या पोटात गेल्या." त्याने तुकडा बोटांत फिरवला. "ही माझीच असेल. आणि मी तीन दिवस सूर्याला शिव्या घालतोय."

कॅलमच्या खिशात फोन वाजला. अडीचला एक मिनिट कमी होतं. त्याने नायरीकडे पाहिलं. तिने मोज्यासकट हात पुढे केला, फोन घेण्यासाठी. त्याने फोन दिला नाही. पिरिपीच्या हातातला तुकडा उचलून घेतला आणि फोन स्वतःच्याच कानाला लावला.

"हो, डनेट बोलतोय. हो, रंधा बंद आहे." तो ऐकत राहिला. "नाही. ऊन नाही. लोखंड आहे. मी विकत घेतलेल्या मालात आहे... नाही, तिच्याशी बोलायची गरज नाही. मी सांगतोय ना."

पुढचा दीड तास कामात गेला. फोर्कलिफ्टने जांभळ्या टोकांच्या एकतीस थप्प्या अंगणात वेगळ्या काढल्या. ओंडक्यांच्या अंगणातून हातात धरायचा लोहशोधक आणला गेला. नायरीने रंध्याची पाती स्वतः तपासली, नळाचं झाकण लावलं, फवाऱ्याचं पाणी चालवून पाहिलं. चारला पिरिपीने आपलं कुलूप काढलं, मग लोपेतीने, शेवटी तिने. कॅलमने कपाटातली किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ही कुठे ठेवायची?" तिने विचारलं.

"जिथे मला सापडणार नाही तिथे."

गुरुवारी दिवसभर पाणी एकदाही फवारलं नाही. लोपेती आणि दोघे जण अंगणात उन्हात एकेका जांभळ्या फळीवरून शोधक फिरवत होते आणि तो वाजला की आरोळी ठोकत होते. संध्याकाळपर्यंत चौदा थप्प्या निर्धोक ठरल्या. ट्रक पंच्याण्णव थप्प्या घेऊन जाईल, उरलेल्या सतरा सोमवारी, असं कॅलमने पूर्व किनाऱ्यावर स्वतः कळवलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि तो ते ऐकत राहिला.

शुक्रवारी दहा वाजून पन्नास मिनिटांनी नळात पाणी फवारलं.

फक्त एकदा. एका ठिणगीने यंत्र आपोआप थांबत नाही, रंधा चालूच राहायला हवा होता. पण नायरी पॅनेलकडे वळेपर्यंत पंख्याचा आवाज उतरू लागला होता. पिरिपीनेच लाल बटण दाबलं होतं. तिकडे फिल्टरघराच्या पोटाखालून लोपेती झाडू टाकून बाहेर आला आणि कुणी न सांगता अंगणात आखलेल्या सुरक्षित रेघेपलीकडे जाऊन उभा राहिला. कुणाच्याच तोंडून ‘ऊन’ निघालं नाही.

पिरिपीने रंध्यातली फळी बाहेर ओढली, टोक पाहिलं, मग दोन्ही हातांनी ती उंच धरून नायरीला दाखवली. तपासलेल्या चौदांपैकी एका थप्पीतली. खिळीचा एवढासा तुकडा शोधकातून निसटला होता. त्याभोवतीचा काळा डाग तिला इथूनही दिसला.

"त्या चौदाही पुन्हा तपासायच्या," ती म्हणाली.

"ट्रक बाराला येतोय," कॅलम म्हणाला. मग स्वतःच फोर्कलिफ्टवाल्याला हात करून म्हणाला, "त्या चौदाही काढ बाहेर. ट्रक एक्क्याऐंशी घेऊन जाईल."

नायरीने वही उघडली. दहा पन्नास. कारण : कुंपणाची खिळी. मग पानं मागे उलटून ती सोमवारवर आली. अकरा पाचच्या समोर तिच्याच अक्षरात ‘ऊन’ असं लिहिलेलं होतं. तिने मोजपट्टी धरून त्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘न बघता लिहिलं होतं’, आणि खाली सही केली.